जुना डिरेलर फ्रेमच्या हँगरला जुळत नसेल तर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

लक्षणं

"गिअर नीट पडत नाहीत" एवढ्यावरून निदान होत नाही. एका पिढीचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, दुसऱ्या पिढीच्या फ्रेमवर चढवला की बिघाड काही ठरावीक रूपांत दिसतो. आपल्याकडे त्यातलं कोणतं आहे, ते आधी ओळखा.

पहिलं रूप उघड असतं. डिरेलरचा बोल्ट हँगरच्या (फ्रेमच्या ज्या जिभेला डिरेलर टांगतात तिच्या) भोकात जातच नाही, किंवा दोन आटे जाऊन अडकतो. याच्या उलटही होतं. बोल्ट सहज आत सरकतो, कारण धरायला आत आटेच नसतात.

दुसऱ्या रूपात डिरेलर बसतो, घट्टही होतो, पण बोल्टाभोवती मोकळा फिरतो. चेन त्याला पुढे ओढते, डिरेलर पुढे झुकतो आणि लहान चक्रीवर चेन सैल लोंबायला लागते.

तिसऱ्यात वरची जॉकी (डिरेलरमधलं छोटं चाक) मोठ्या चक्रीच्या दातांना घासते आणि पायडल मारताना सतत खरखर ऐकू येते. कधी नेमकं उलट असतं. जॉकी चक्रीपासून इतकी लांब लोंबते की लिव्हर ओढल्यावर अर्धा फेरा झाला तरी चेन चढत नाही.

चौथं रूप सगळ्यात जास्त फसवतं. मधल्या चक्र्यांवर सगळं छान चालतं आणि दोन्ही टोकांना बिनसतं. एका टोकाला चेन चढत नाही म्हणून लिमिट स्क्रू सोडला, की दुसऱ्या दिवशी चेन चाकाच्या तारांत जाते.

पाचवं रूप नाशिकमध्ये फार दिसतं, कारण शहर सोडलं की चढ लागतोच. गंगापूर रोडला गिअर व्यवस्थित असतात, आणि नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढायला घेतला, उभं राहून जोर लावला, की गिअर आपोआप बदलतो. किंवा पंक्चर काढून चाक परत बसवलं की आधीचं सगळं सेटिंग गेलेलं असतं.

यातलं काहीही दिसलं की हात आधी लिमिट स्क्रूकडे जातो. तो आवरा. डिरेलर कुठवर जाऊ शकेल एवढंच ते स्क्रू ठरवतात. तो कुठे आणि कोणत्या कोनात टांगला आहे, हे हँगर ठरवतो. टांगणीच चुकली असेल तर स्क्रू पिळून बिघाड फक्त एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. अशा सायकली दुरुस्त करताना मला खराब डिरेलर क्वचितच सापडतो. दोष बहुतेक वेळा हँगर आणि डिरेलर जिथे एकत्र येतात त्या बोटभर जागेत असतो.

हे का होतं

मागचा एक्सल ज्या खाचेत बसतो तो फ्रेमचा तुकडा म्हणजे ड्रॉपआउट. त्याच्या खाली उजव्या बाजूला जी जीभ असते तो हँगर. आज जवळजवळ सगळ्या नेहमीच्या हँगरना १० मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे असतात. हे पूर्वीपासून असं नव्हतं.

इटलीत तुलिओ कॅम्पान्योलोच्या कंपनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रान स्पोर्त डिरेलर बाजारात आणला. त्याच्यासोबत आटे असलेला, मागच्या अंगाला थांब्याची खाच असलेला हँगर रूढ होत गेला. फ्रान्समध्ये लुसियां ज्युईच्या सिम्प्लेक्सची पद्धत वेगळी होती. तिच्या जुन्या ड्रॉपआउटच्या भोकाला आटे नाहीत आणि थांबाही नाही. जपानच्या सनटूरने १९६४ मध्ये तिरक्या समांतरभुजाची रचना आणली. तिच्यामुळे जॉकी चक्र्यांच्या उताराला धरून सरकते, म्हणजे हँगरची उंची आणि कोन यांना आणखी महत्त्व आलं. १९८४ मध्ये शिमानोने ड्युरा-एसमध्ये टक-टक पडणारे इंडेक्स गिअर दिले आणि हँगर किंचित वाकडा असला तरी जे चालून जायचं ते चालेनासं झालं.

आणि आपली काळी रोडस्टर? ॲटलस, हीरो, हर्क्युलिसच्या दूधवाल्या सायकलींना हँगर नसतोच, कारण ती एकाच चक्रीसाठी बनलेली फ्रेम आहे. नाशिकमध्ये हौसेने जुने गिअर बसवायला लोक याच फ्रेम आणतात, नाहीतर कुणाच्या काकांनी परदेशातून आणलेली, माळ्यावर राहिलेली एखादी फ्रेंच सायकल आणतात. दोन्हींची दुखणी वेगळी आहेत, पण तपासण्याचा क्रम तोच.

फुकटातल्या तपासण्या

चाक नीट बसलंय का, हे पहिलं बघा. सायकल उलटी करू नका, जमिनीवर सरळ उभी ठेवा. एक्सलचे नट किंवा क्विक रिलीज सैल करा, सीटवर हाताने दाब देऊन चाक खाचेत बसू द्या आणि पुन्हा आवळा. मागून डोळा लावून पाहा. टायर दोन्ही नळ्यांच्या मधोमध हवा. आडव्या खाचेत उजवी बाजू दोन मिलिमीटर पुढे राहिली तरी चक्र्या तिरक्या होतात आणि डिरेलर सरळ असूनही वाकडा वाटतो. पंक्चरनंतर सेटिंग जाण्यामागे अनेकदा एवढंच असतं.

मग मागूनच हँगरकडे पाहा. वरची जॉकी, खालची जॉकी आणि चक्री एका उभ्या रेषेत दिसल्या पाहिजेत. खालची जॉकी तारांकडे झुकली असेल तर हँगर आत वाकला आहे. सायकल उजव्या बाजूला पडली की हे होतं. स्टँडवर लावताना बाजूची सायकल अंगावर पडली तरीही होतं.

आता केबल सोडा. ही तपासणी लोक गाळतात, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. केबल मोकळी करून चाक उचलून धरा. दुसऱ्या कुणाला हळू पायडल फिरवायला सांगा आणि डिरेलर बोटाने सावकाश आत ढकला. हाताने ढकलल्यावर चेन सगळ्या चक्र्यांवर स्वच्छ चढत-उतरत असेल तर हँगर बहुधा निर्दोष आहे. दोष केबलमध्ये, तिच्या गंजलेल्या आवरणात नाहीतर लिव्हरमध्ये आहे. ती किरकोळ खर्चाची गोष्ट.

लिव्हरबद्दल इथेच सांगतो. जुन्या डिरेलरला आजची सात किंवा आठ टप्प्यांची इंडेक्स लिव्हर लावली असेल तर ती जुळणार नाही. एका टप्प्याला केबल किती ओढली जाते आणि त्या ओढीने डिरेलर किती सरकतो, हे प्रमाण प्रत्येक पद्धतीत वेगळं आहे. हँगर कितीही सरळ केला तरी हा फरक राहतो. साधी, टप्पे नसलेली फ्रिक्शन लिव्हर लावा. जुना डिरेलर तिच्यासाठीच बनला आहे.

चेनही पाहून घ्या. रोडस्टरची चेन एक अष्टमांश इंचाची, गिअरची तीन बत्तीसांश इंचाची. जाड चेन डिरेलरच्या पिंजऱ्यात (दोन जॉकी धरणाऱ्या चौकटीत) घासत जाते आणि लागून ठेवलेल्या चक्र्यांवर बसत नाही. बारीक चेन रोडस्टरच्या पुढच्या जाड दातांवर उतरत नाही. म्हणजे चेन बदलली तर पुढची चकतीही बदलावी लागते. हा खर्च आधीच धरा.

आटे

बोल्ट जात नसेल तर पाना लावण्याआधी भोक स्वच्छ करा. जुना टूथब्रश आणि रॉकेल पुरतं. अंबडला पावडर कोटिंग करून आणलेल्या फ्रेममध्ये हँगरचे आटे रंगाने बुजलेले असतात. कोटिंगला देण्याआधी त्या भोकात एक जुना बोल्ट फिरवून ठेवायला सांगायचं असतं. कुणी सांगत नाही आणि करणाराही विचारत नाही.

स्वच्छ केल्यावर बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवा. निदान तीन आटे बोटांनी गेले पाहिजेत. पहिल्याच आट्यावर अडलं तर थांबा, मागे फिरवा, पुन्हा सरळ धरून लावा. तिरका घुसलेला बोल्ट ॲलन कीने रेटला की हँगरचे आटे फाटतात. पाच मिनिटांच्या कामाचा तिथून लेथवाल्याकडचा दिवस होतो.

जुन्या कॅम्पान्योलोचे आटे १० मिलिमीटर व्यासाचे, पण इंचाला २६ असत. म्हणजे पिच ०.९७७ मिलिमीटर. आजच्या १ मिलिमीटरच्या बोल्टशी फरक एका आट्याला ०.०२३, आठ आट्यांत पावणेदोन दशांश मिलिमीटरच्या आसपास. पोलादी हँगरमध्ये हा बोल्ट थोडा जड जातो, पण जातो आणि धरतो. थोडं तेल लावून हळूहळू आत-बाहेर करत न्या. इथे घाबरून नवीन भोक पाडायची गरज नाही.

टॅप विकत घेणार असाल तर हे नीट लक्षात ठेवा. हार्डवेअरच्या दुकानात "१० चा टॅप" मागितला की १.५ पिचचा देतात, कारण नेहमीच्या नट-बोल्टला तोच लागतो. १.२५ चाही मिळतो. तुम्हाला १० बाय १ हवा. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत टूल्सच्या दुकानात तो सहज मिळतो. पिच गेज लावून तपासूनच घ्या. दीडचा टॅप १ पिचच्या भोकात फिरवला तर दोन्ही प्रकारचे आटे जातात.

आता बोल्ट सैल सरकत असेल तर व्हर्नियर लावा. भोक ९ मिलिमीटरच्या आसपास आणि आत गुळगुळीत असेल तर ते सिम्प्लेक्स पद्धतीचं आहे. त्यात भरपूर धातू शिल्लक आहे आणि उपाय सोपा आहे. तो पुढे येतो. भोक साडेनऊच्या वर असेल आणि आत आट्यांचे पुसट वळे दिसत असतील तर कुणीतरी आटे आधीच मारून टाकले आहेत. मग बुश, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी, बसवावा लागेल.

थांबा

हँगरच्या मागच्या कडेला, सायकलच्या उजव्या बाजूने पाहिलं तर घड्याळातल्या सातच्या जागी, एक खाच किंवा पायरी असते. डिरेलरची जीभ किंवा त्याचा बी-स्क्रू (डिरेलरचा कोन बदलणारा छोटा स्क्रू) तिच्यावर टेकतो. चेनच्या ओढीने डिरेलर पुढे फिरू नये म्हणून हा आधार. शिमानोच्या वरच्या सांध्यात स्प्रिंग असते आणि तिचा सगळा जोर या पायरीवर येतो. कॅम्पान्योलोच्या नुओवो रेकॉर्ड डिरेलरमध्ये वर स्प्रिंगच नाही, म्हणून त्याचा कोन तर पूर्णपणे याच खाचेवर ठरतो.

खाच नसलेल्या सिम्प्लेक्स ड्रॉपआउटवर शिमानो लावला आणि तो पुढे लोंबला, तर बी-स्क्रू कितीही फिरवा, फरक पडणार नाही. स्क्रूला टेकायलाच काही नाही. बोल्ट जास्त आवळून डिरेलर जागेवर धरून ठेवायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. वरचा सांधा जाम होतो, मधले गिअर बिघडतात आणि दोन-चार राइडनंतर बोल्ट सैल होतोच.

तपासायला दोन मिनिटं लागतात. डिरेलर लावा, बोल्ट नीट आवळा. शिमानोचं माप ८ ते १० न्यूटन-मीटर आहे, म्हणजे ॲलन की हातभर लांब धरून पूर्ण ताकद लावायची गरज नाही. मग डिरेलरचा पिंजरा हाताने पुढे ओढून सोडा. तो ठामपणे एका जागी अडला तर थांबा काम करतोय. घसरत पुढे आला तर खाच नाही किंवा झिजली आहे.

उंची

एक्सलच्या मध्यापासून हँगरच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. साधी पट्टी चालेल. शिमानोसाठी हे २८ ते ३० मिलिमीटर लागतं. जुन्या इटालियन फ्रेमवर ते अनेकदा २५ च्या आसपास असतं. म्हणून छोट्या हँगरवर नवा डिरेलर लावला की वरची जॉकी मोठ्या चक्रीत घुसते, आणि लांब हँगरवर जुना नुओवो रेकॉर्ड लावला की जॉकी दूर राहून चेन आळसावते.

याचा सगळ्यात स्वस्त उपाय हँगरमध्ये नाही, फ्रीव्हीलमध्ये (मागच्या चक्र्यांच्या संचात) आहे. मोठी चक्री लहान करा. नुओवो रेकॉर्ड हा शर्यतीचा डिरेलर. २६ दातांपर्यंत तो खुशीने चालतो, त्यापुढे कुरकुरतो. त्याला ३४ ची चक्री झेपावी म्हणून हँगर कापणं, वेल्ड करणं मला पटत नाही. त्र्यंबकचा चढ सोपा करायचा असेल तर पुढची चकती लहान लावा, किंवा सनटूरच्या लांब पिंजऱ्याचा व्ही-जीटीसारखा डिरेलर शोधा. तो याच कामासाठी बनला होता.

हँगर वाकडा आहे का

दुकानात यासाठी लांब दांड्याचं गेज असतं. घरी दुसरं मागचं चाक वापरा. मागच्या सॉलिड एक्सलचे आटे बऱ्याच सायकलींना १० बाय १ असतात, म्हणजे हँगरच्याच मापाचे. डिरेलर काढा, दुसऱ्या चाकाचा एक्सल बाहेरून हँगरमध्ये हाताने फिरवा. दोन चाकं शेजारी उभी राहतील. मग दोन्ही रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजा. पाच-सहा चक्र्यांच्या फ्रिक्शन गिअरला तीन-चार मिलिमीटरचा फरक चालून जातो. इंडेक्स असेल तर त्याहून कमी हवा. मोजण्याआधी सायकलचं मूळ चाक ट्रू, म्हणजे न लहरता फिरणारं, असल्याची खात्री करा, नाहीतर रिमची लहर तुम्ही हँगरच्या नावावर टाकाल.

मात्र काळ्या सायकलीचं चाक यासाठी घेऊ नका. तिचा मागचा एक्सल बहुधा तीन अष्टमांश इंचाचा, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा असतो. तो हँगरमध्ये सैल बसतो, डुगडुगतो, आणि माप खोटं येतं.

हँगर पोलादी असेल आणि फरक थोडा असेल तर घरी सरळ करता येतो. भोकात एक १० बाय १ चा बोल्ट पूर्ण फिरवून ठेवा, म्हणजे वाकवताना भोक अंडाकृती होणार नाही. मूळ चाक खाचेत आवळलेलं ठेवा, त्याने ड्रॉपआउटला आधार मिळतो. मोठा स्लाइड पाना हँगरवर पूर्ण चढवा आणि हळू, एकाच दिशेने दाबा. थोडं दाबा, मोजा, पुन्हा दाबा. पुढे-मागे खेळवू नका. दुसऱ्या चाकाने तरफ करून तर मुळीच नाही, त्याचा एक्सल वाकतो.

ॲल्युमिनियमचा सुटा हँगर, म्हणजे जो दोन बारीक स्क्रूने फ्रेमला लागतो, तो सरळ करत बसण्यापेक्षा बदला. त्याचे आकार शेकड्यांनी आहेत आणि डोळ्यांनी सारखे दिसणारे दोन एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दुकानात जुना तुकडा घेऊन जा आणि भोकं एकमेकांवर ठेवून पाहा.

काळ्या सायकलीला गिअर

इथे हँगर बाहेरून लावावा लागतो. एक्सलच्या नटखाली दाबून बसणारी पट्टी असते, तिला खाली आटे असलेलं भोक असतं आणि खाचेत बसणारा एक छोटा बोल्ट असतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त गिअरच्या सायकलींना ती येत असे. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात भंगारात अजूनही ती कधीकधी हाताला लागते. जाड पोलादाची असेल तरच घ्या. बोटांनी वाकणारी पातळ पट्टी घाटात हमखास सरकते.

अडचण खाचेच्या दिशेची आहे. ही पट्टी पुढे उघडणाऱ्या खाचेसाठी बनली आहे. तिचा छोटा बोल्ट एक्सलच्या मागे, खाचेच्या बंद टोकाला बसतो. रोडस्टरची खाच मागे उघडते. मग तो बोल्ट खाचेच्या उघड्या तोंडाशी येतो आणि चाक काढायचं तर पट्टीही काढावी लागते. प्रत्येक पंक्चरनंतर सेटिंग जाण्याचं दुसरं कारण हे. यावर मी पट्टी आणि ड्रॉपआउट दोन्हींवर कानशीने बारीक रेघ मारून ठेवतो. परत लावताना रेघा जुळवल्या की कोन पहिल्यासारखा येतो.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे. रोडस्टरच्या मागच्या एक्सलवर मडगार्डची पट्टी, कॅरियरची पट्टी, स्टँडची पट्टी, सगळं एकावर एक चढलेलं असतं. त्यात आणखी ही जाड पट्टी आली की नटाला धरायला आटे उरत नाहीत. नट पूर्ण चढून एक्सलचं टोक त्याच्या बाहेर किंचित दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर लांब एक्सल टाका किंवा स्टँड दुसरीकडे लावा. मागचं चाक चढावर उजवीकडून सुटलं तर माणूस पडतो.

तिसरी, रुंदी. पाच चक्र्यांच्या मागच्या हबला दोन ड्रॉपआउटमध्ये १२० मिलिमीटर लागतात, सहा-सातच्या नेहमीच्या रोड हबला १२६, त्यापुढच्या रोड सायकलींना १३०. रोडस्टर याहून अरुंद असते. हब कोंबून बसवला तर ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहत नाहीत, आणि समांतर नसलेल्या ड्रॉपआउटवरचा हँगर कधीच सरळ नसतो. फ्रीव्हीलच्या आट्यांची काळजी मात्र बहुधा नसते. आपल्याकडचे हब इंग्लिश मापाचे, १.३७ इंच आणि इंचाला २४ आटे. जुन्या फ्रेंच हबचं माप वेगळं. त्यावर आपलं फ्रीव्हील जोर लावून चढवू नका.

कापाकापी

इथवरचं सगळं उलटवता येतं. यापुढचं येत नाही. म्हणून माझा नेम आहे: स्वस्त आणि पुन्हा मिळणाऱ्या भागावर कानस चालवायची, दुर्मीळ भागावर नाही. पट्टीचा हँगर घासा, टॅप करा, हरकत नाही. पण जुन्या डिरेलरचा बोल्ट किंवा त्याची जीभ घासून बसवायचा मोह टाळा. फ्रेमला दुसरा डिरेलर मिळेल, त्या डिरेलरला तो भाग परत मिळणार नाही.

सिम्प्लेक्सच्या गुळगुळीत भोकाला आटे पाडणं हे या वर्गातलं सगळ्यात सोपं काम. १० बाय १ च्या टॅपला ९ मिलिमीटरचं भोक लागतं आणि ते आधीच तयार आहे. टॅप बाहेरच्या बाजूने घाला. पहिल्या आट्याला गुण्याने दोन दिशांनी सरळ आहे ना ते पाहा, कारण टॅप तिरका गेला की डिरेलर कायमचा तिरका. कटिंग ऑइल टाका, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, बुरा मोडत जा. मग डिरेलर लावून जीभ कुठे येते तिथे खूण करा आणि सातच्या जागी तिकोनी कानशीने खाच पाडा. थोडं घासा, लावून पाहा. खाच खोल झाली तर डिरेलर गरजेपेक्षा पुढे झुकतो आणि घासलेला धातू परत येत नाही.

काम झाल्यावर हँगरच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. बोल्टाचं टोक आत निघालं असेल तर लहान चक्रीवरची चेन त्याला घासेल. तेवढं टोक घासून सपाट करा.

इथे थांबा, जाणकाराकडे जा

हँगरच्या मुळाशी रंगात केसाएवढी रेघ दिसली तर काहीही वाकवू नका. रॉकेल लावून पुसा आणि थोडा वेळ थांबा. रेघेतून पुन्हा ओलावा झिरपला तर ती चीर आहे. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हँगर अंगचाच असेल तर तो घरी सरळ करू नका, वाकवताना तुटतो आणि फ्रेमच जाते. कार्बनच्या फ्रेमला यातलं काहीच करायचं नाही. ड्रॉपआउटमधली रुंदी वाढवायची असेल तर पोलादी फ्रेमला ती वाढवता येते, पण दोन्ही बाजू सारख्याच उघडाव्या लागतात आणि नंतर ड्रॉपआउट समांतर करावे लागतात. त्याची हत्यारं असलेल्याकडेच ते द्या.

हँगर तुटला असेल किंवा नवा जोडायचा असेल तर पितळी ब्रेझिंग लागतं, तेही गॅसवर काम करणाऱ्याकडून. ग्रिल-गेट करणाऱ्याकडे आर्क वेल्डिंगला फ्रेम देऊ नका. त्या जागेच्या नळीची भिंत फार पातळ असते आणि जोराच्या उष्णतेने ती जळते किंवा जोडाशेजारी ठिसूळ होते. चीर काही महिन्यांनीही पडू शकते.

आटे पूर्ण गेले असतील तर भोक मोठं करून, आतून १० बाय १ आटे असलेला पोलादी बुश बसवतात. हे लेथवरचं काम. अंबडला किंवा सातपूरला छोट्या वर्कशॉपमधला टर्नर ते करून देतो. बुशाची कड आतल्या बाजूला राहील असं त्याला सांगा, म्हणजे डिरेलर आवळल्यावर बुश बाहेर ओढला जाणार नाही. ही कड एक मिलिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर चेन घासते. भोक हँगरच्या पृष्ठाला काटकोनात पडलं पाहिजे, हेही सांगा. नुसती फ्रेम घेऊन जाऊ नका. डिरेलर, त्याचा बोल्ट आणि फ्रीव्हीलसकट मागचं चाक सोबत न्या, आणि बुश बसल्यावर चाक लावून लहान चक्रीवर चेन फिरवून पाहिल्याशिवाय वर्कशॉपमधून निघू नका.